पिसं हुबेहूब, पाय अंदाजाने

ब्रूज शहरातल्या ग्रोनिंगे संग्रहालयात यान व्हान आयकने १४३६ साली पूर्ण केलेलं एक मोठं चित्र आहे. मधोमध मेरी, तिच्या मांडीवर बाळ येशू आणि बाजूला गुडघे टेकून बसलेला, पांढऱ्या झग्यातला म्हातारा धर्मगुरू व्हान डेर पाले. बाळाच्या हाताशी एक हिरवा पोपट आहे. त्या काळी पोपट मेरीच्या पावित्र्याचं प्रतीक मानला जाई, म्हणून त्याला चित्रात जागा मिळाली. पण व्हान आयकने तो प्रतीक म्हणून उरकून टाकलेला नाही. चोचीचा बाक, डोक्याची गोलाई, पंखांवरच्या हिरव्या रंगातला फरक, हे सारं त्याने मेरीच्या झग्यावरच्या रत्नांइतक्याच मन लावून रंगवलं आहे. पोपट हा काही फ्लँडर्सच्या रानातला पक्षी नव्हे. समुद्रापलीकडून आलेला, कुणा श्रीमंताच्या पिंजऱ्यातला पोपट या चित्रकाराने जवळून न्याहाळला असणार, असंच चित्र बघताना वाटतं.

त्यानंतरच्या दोनशे वर्षांत, आज बेल्जियम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मुलखातल्या चित्रकारांनी पक्ष्यांची जी चित्रं काढली, त्यांचा इतिहास सांगताना बहुतेक वेळा 'हुबेहूब' या एका शब्दावर काम भागवलं जातं. चित्रं हुबेहूब आहेत हे खरंच. पण त्याहून जास्त कुतूहलाची गोष्ट वेगळी आहे. चित्रकारासमोर नेमकं काय होतं? उडता-बसता जिवंत पक्षी, पेंढा भरलेलं कातडं, की दुसऱ्याच कुणाचं चित्र? याचं उत्तर पुष्कळदा चित्रातच सापडतं. पिसांपेक्षा पक्ष्याच्या उभं राहण्यात, मानेच्या वळणात आणि पायांत ते अधिक सापडतं.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस गेंट आणि ब्रूजमधल्या कारागिरांनी हस्तलिखित प्रार्थनापुस्तकांच्या समासात एक नवी रीत आणली. सोनेरी पट्ट्यावर सुटी फुलं, माश्या, गोगलगायी, पक्षी विखुरल्यासारखे रंगवायचे आणि प्रत्येकाखाली बारीक सावली द्यायची, म्हणजे वस्तू पानावर खरोखरच पडली आहे असा भास होतो. एंगेलबर्ट ऑफ नासाऊ या सरदाराच्या प्रार्थनापुस्तकात तर समासभर मोरपिसं आहेत. लहान वस्तूकडे भिंग लावल्यागत बघण्याची सवय फ्लेमिश हाताला लागली ती इथे. पुढच्या शतकातल्या पक्षिचित्रांचं मूळही याच समासात आहे.

मग अँटवर्प भरभराटीला आलं. मलबार आणि गोव्याच्या किनाऱ्यावरून लिस्बनला जाणारी मिरी सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात अँटवर्पच्या बाजारात विकली जाई. पोर्तुगीजांचे व्यापारी प्रतिनिधी तिथेच राहत. मसाल्याच्या जहाजांतून शंख, कवड्या, माकडं आणि पोपटही येत. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर १५२०-२१ मध्ये अँटवर्पला राहिला, तेव्हा पोर्तुगीज प्रतिनिधीकडून त्याला भेट मिळालेल्या वस्तूंत लहानसा हिरवा पोपटही होता. त्याने ही नोंद आपल्या रोजनिशीत केली आहे. त्या काळच्या युरोपात इतके दूरदेशीचे पक्षी इतक्या सहज बघायला मिळावेत अशी शहरं फार थोडी होती.

त्याच सुमारास पक्ष्यांवरचे मोठे छापील ग्रंथ निघू लागले. १५५५ हे वर्ष त्या दृष्टीने विलक्षणच म्हणायचं. त्या एका वर्षात झुरिकमध्ये निसर्ग-अभ्यासक कोनराड गेसनरचा पक्ष्यांवरचा खंड आला आणि पॅरिसमध्ये पियेर बेलोंचा. बेलोंने माणसाचा आणि पक्ष्याचा सांगाडा शेजारी शेजारी छापून हाडाला हाड जुळवून दाखवलं. दोन्ही ग्रंथांतली चित्रं लाकडी ठशांची. लाकडात कोरताना रेघ जाड राहते आणि रंग छापल्यावर हाताने भरावा लागतो. पक्ष्याचा आकार आणि डौल त्यात उतरतो. पण मानेवर निळ्याची जांभळ्यात होणारी सरमिसळ, पिसाच्या कडेची बारीक पिवळी रेघ, या गोष्टी ठशात मावत नाहीत. फ्लेमिश चित्रकारांच्या हातात नेमकं तेच होतं.

त्यांतला सगळ्यांत मोठा माणूस योरिस हूफनागेल. जन्म १५४२ चा, अँटवर्पच्या श्रीमंत जवाहिऱ्यांच्या घरातला. तरुणपणी त्याने फ्रान्स, स्पेन, इंग्लंड पालथं घातलं आणि जिथे गेला तिथल्या शहरांची दृश्यं काढली. त्यांतली बरीच पुढे ब्राउन आणि होगेनबर्ग यांच्या शहरांच्या प्रसिद्ध नकाशासंग्रहात छापली गेली. चित्रकला हा त्याचा पोटाचा धंदा नव्हता. तो झाला एका भीषण घटनेमुळे. नोव्हेंबर १५७६ मध्ये पगार थकलेल्या स्पॅनिश सैनिकांनी अँटवर्प लुटलं, जाळलं, हजारो माणसं मारली. हूफनागेल घराण्याची संपत्ती त्यात गेली. पुढच्याच वर्षी योरिस आपला मित्र, नकाशाकार अब्राहम ऑर्टेलियसबरोबर इटलीच्या वाटेला लागला. वाटेत म्युनिकमध्ये बव्हेरियाच्या ड्यूकने त्याचं काम पाहिलं आणि त्याला पदरी ठेवून घेतलं. जवाहिऱ्याच्या मुलाच्या हातात हिऱ्यांऐवजी कुंचला आला. आयुष्याच्या अखेरीस तो सम्राट रुडॉल्फ दुसरा याच्यासाठी काम करत होता.

'चार महाभूतं' हा हूफनागेलचा चित्रसंच आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. अग्नी, पृथ्वी, जल आणि वायू असे त्याचे चार खंड. अग्नीत कीटक, पृथ्वीत चतुष्पाद आणि सरपटणारे जीव, जलात मासे आणि शिंपले, आणि वायूच्या खंडात पक्षी. सारी चित्रं वासराच्या कातड्यापासून केलेल्या पातळ, गुळगुळीत चर्मपत्रावर. पान जेमतेम १४ सेंटिमीटर उंच आणि १८ सेंटिमीटर रुंद. त्यावर सोन्याची बारीक लंबगोल चौकट, आत पक्षी, वर आणि खाली बायबलमधली वचनं किंवा लॅटिन सुभाषितं. त्या वचनांमुळे कुणी हा ग्रंथ धर्मबोधाचा समजेल. पण पक्षी वचनाचं ओझं वाहत नाही. वचन आपल्या जागी, पक्षी आपल्या जागी.

हे काम होतं कसं, तेही समजून घेण्यासारखं आहे. कागद रंग शोषून घेतो. चर्मपत्र तेवढा शोषत नाही. डिंकात कालवलेला रंग त्याच्या पृष्ठभागावरच बसतो, त्यामुळे केसाएवढी रेघही फुटत नाही. आधी अंगाचा मूळ रंग सपाट द्यायचा, तो वाळला की त्यावर गडद आणि फिकट रंगाच्या अगदी बारीक रेघांनी पीस न् पीस उभं करायचं. भिंगातून पाहिलं तर एका पंखावर शेकडो रेघा दिसतात. हूफनागेलचा हट्ट इतका, की कीटकांच्या खंडात एके ठिकाणी चतुराचे पंख रंगवण्याऐवजी त्याने खरे पंखच पानावर चिकटवले. निसर्ग हाच एकमेव गुरू, असं तो आपल्या चित्रांवर लिहीत असे.

आणि तरीही त्याचे सगळे प्राणी-पक्षी निसर्गावरून काढलेले नाहीत. अभ्यासकांनी एकेक चित्र ताडून पाहिलं तेव्हा काही गेसनरच्या ठशांवरून, काही ड्यूररवरून आणि पुष्कळशी हान्स व्हेरहागेन नावाच्या एका अँटवर्पकर चित्रकाराच्या जलरंगांवरून घेतल्याचं दिसून आलं. हा व्हेरहागेन 'मुका हान्स' म्हणून ओळखला जाई. प्राणी आणि पक्ष्यांची त्याची जलरंगचित्रं बर्लिनच्या संग्रहात आहेत. त्याच्याविषयी फार थोडं लिहिलं गेलं, हे खटकणारं आहे. हूफनागेलचं नाव सम्राटाच्या दरबारामुळे टिकलं, आणि ज्याने आधी बघितलं तो तळटिपेत गेला.

इथे नकलेला चोरी म्हणणं मात्र त्या काळावर अन्याय करणारं होईल. तेव्हा शहामृग काढायचा तर तो रोज कुठून आणणार? जो कुणी एकदा नीट बघून काढेल त्याचं चित्र हाच पुढच्यांचा आधार. चांगलं चित्र एका कार्यशाळेतून दुसऱ्या कार्यशाळेत जाई, आणि त्याच्याबरोबर चुकाही जात.

चूक किती दूर जाऊ शकते, याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे स्वर्गीय पक्षी. १५२२ मध्ये मॅगेलनच्या मोहिमेतलं 'व्हिक्टोरिया' हे एकच जहाज पृथ्वीप्रदक्षिणा करून परतलं, तेव्हा त्यावर या पक्ष्याची वाळवलेली कातडी होती. न्यू गिनीकडचे शिकारी कातडं तयार करताना पाय काढून टाकत. जहाजावरच्या पिगाफेत्ताने या पक्ष्याला बारीक पाय असतात असं स्वच्छ लिहून ठेवलं होतं. पण युरोपला दुसरीच कथा आवडली: हा पक्षी कधी जमिनीवर उतरतच नाही, म्हणून त्याला पाय नाहीत. गेसनरने १५५५ मध्ये तो बिनपायांचा छापला. १५८३ ते १५८८ गोव्यात आर्चबिशपच्या नोकरीत राहिलेला डच प्रवासी यान हाउखेन व्हान लिन्सखोतेन यानेही आपल्या पुस्तकात तीच ऐकीव माहिती दिली. पूर्वेकडच्या व्यापाराच्या केंद्रात पाच वर्षं राहूनही त्याच्यापर्यंत जिवंत पक्ष्याची खबर पोहोचली नाही, ती मेलेल्या कातड्याचीच पोहोचली. पक्ष्याला पाय असतात हे वनस्पतिशास्त्रज्ञ कारोलस क्लुसियसने १६०५ च्या ग्रंथात मांडलं. पण १७५८ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने या जातीला जे शास्त्रीय नाव दिलं, त्यातला 'अपोडा' म्हणजे 'पाय नसलेला' हा शब्द आजही कायम आहे.

चित्रकारांना इथे दोष देता येत नाही. पिसांचा सोनेरी झुपका त्यांनी बिनचूक टिपला, कारण तो कातड्यावर होता. जे समोर नव्हतं ते त्यांनी काढलं नाही.

याच्या अगदी उलट चित्रकार पीटर ब्रूगेल. त्याच्या १५६५ च्या 'बर्फातले शिकारी' या चित्रात दरीवरून एक लांब शेपटीचा मॅगपाय तरंगत जातो. कावळ्याच्या कुळातला, त्या भागात घरोघरच्या झाडांवर दिसणारा हा पक्षी. अंगावरचं एकही पीस सुटं दाखवलेलं नाही. पण पसरलेले पंख, ताणलेली शेपटी आणि हवेवर टाकलेला भार इतका अचूक आहे की पक्षिनिरीक्षकाला दुसरं नाव सुचणार नाही. रोज दिसणारा पक्षी असा उतरतो.

ही सगळी पाहणी सामान्य माणसापर्यंत पोहोचली ती छापील चित्रांनी. हूफनागेलचं चर्मपत्र राजाच्या कपाटात बंद राहिलं, पण अँटवर्पचा आद्रियान कोलार्ट तांब्याच्या पत्र्यावर कोरून पक्ष्यांच्या मालिका छापत होता. १६०० च्या आसपासच्या या मालिकेचं नाव 'आव्हियुम व्हिव्हे इकोनेस', म्हणजे पक्ष्यांच्या जिवंत प्रतिमा. एकेका पानावर सहसा दोन-दोन पक्षी, मागे नदी किंवा टेकडी, पायाशी लॅटिन नावं. तांब्यावरची रेघ लाकडापेक्षा कितीतरी बारीक निघते. रंग नसल्यामुळे पक्षी ओळखू येण्याचा सगळा भार आकारावर आणि उभं राहण्याच्या ढबीवर पडतो. ही चित्रं स्वस्त होती, सुटी मिळत. सोनार, विणकर, मातीची भांडी रंगवणारे, सगळेच ती विकत घेऊन समोर ठेवत.

अँटवर्पची छापील पानं आपल्याकडेही आली. गोव्याहून निघालेले जेझुइट धर्मप्रसारक १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला पोहोचले, तेव्हा त्यांनी अकबराला दिलेल्या भेटीत क्रिस्तोफ प्लांतँच्या अँटवर्पमधल्या छापखान्यातलं बहुभाषी बायबल होतं. मुघल चित्रकारांनी अशी युरोपीय पानं अभ्यासली, त्यांतल्या आकृत्या आपल्या चित्रांत घेतल्या. कोलार्टच्या फुलांच्या छापील चित्रांचे धागे मुघल पुष्पचित्रांत अभ्यासकांना सापडले आहेत. १६१२ मध्ये जहांगीरचा सरदार मुकर्रब खान गोव्याहून दुर्मीळ पशुपक्षी घेऊन परतला. त्यांत अमेरिकेहून पोर्तुगीजांनी आणलेला टर्की कोंबडा होता. बादशहाने त्याचं वर्णन स्वतः लिहिलं आणि चित्र काढायला सांगितलं. दरबारी चित्रकार मन्सूरने काढलेलं ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. मानेवरच्या लालनिळ्या गाठी त्यात दाखवल्या आहेत, आणि पक्षी समोर चालता-फिरता होता हे त्याच्या पवित्र्यावरून कळतं.

ब्रसेल्समध्येही असाच राजाश्रय होता. आर्चड्यूक आल्बर्ट आणि इसाबेला यांनी आपल्या वाड्यालगत प्राणिसंग्रह ठेवला होता, आणि पीटर ब्रूगेलचा मुलगा यान ब्रूगेल हा त्यांचा दरबारी चित्रकार. त्याला पिंजऱ्यांपर्यंत मुक्त प्रवेश होता. त्याच्या १६१३ च्या 'नोहाच्या नौकेत प्राण्यांचा प्रवेश' या चित्रात त्या पाहणीचं फळ दिसतं. ईडनच्या बागेचं जे प्रसिद्ध चित्र त्याने चित्रकार रुबेन्सबरोबर केलं, त्यात आदम, ईव्ह, घोडा आणि झाडावरचा साप रुबेन्सचे, बाकीची सारी सृष्टी ब्रूगेलची. मिलानचा कार्डिनल फेदेरिको बोर्रोमेओ हा त्याचा मोठा आश्रयदाता. त्याच्यासाठी ब्रूगेलने चार महाभूतांची स्वतंत्र चित्रं केली. १६२१ चं 'वायू' पक्ष्यांनी गजबजलेलं आहे. नेपोलियनच्या सैन्याने ही चित्रं मिलानहून उचलून नेली. 'वायू' आणि 'पृथ्वी' परत गेली नाहीत, ती लुव्हरमध्येच आहेत.

सम्राट रुडॉल्फच्या प्राग दरबाराची गोष्ट यापेक्षा मोठी. १५९७ मध्ये एक डच जहाज पूर्वेच्या बेटांवरून कॅसोवरी घेऊन अ‍ॅमस्टरडॅमला आलं. शहामृगासारखा उंच, निळ्या मानेचा, डोक्यावर शिंगासारखा तुरा असलेला असा पक्षी युरोपात कुणी पाहिला नव्हता. लोकांनी पैसे देऊन तो बघितला. मग तो एका सरदाराकडून दुसऱ्याकडे जात शेवटी रुडॉल्फकडे पोहोचला. क्लुसियसने १६०५ मध्ये त्याचं वर्णन छापलं. त्याच ग्रंथात डोडोचंही चित्र आहे, आणि ते डच जहाजाच्या प्रवासवृत्तातल्या चित्रावरून घेतलेलं. क्लुसियस स्वतः डोडो न बघताच लिहीत होता.

डोडोला जगभर ओळख दिली ती कोर्ट्रेकला जन्मलेल्या रूलांत साव्हेरीने. फ्लँडर्समधल्या यादवीमुळे त्याचं कुटुंब उत्तरेकडे पळालं होतं. तो तरुणपणी रुडॉल्फच्या पदरी प्रागमध्ये होता, आणि १६१९ पासून उट्रेख्तला स्थायिक झाला. तिथे त्याने डोडो पुन्हा पुन्हा काढला. १६२६ च्या सुमाराचा त्याचा एक डोडो आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे: ढोला, बसका, पुढे पोट सुटलेला. पुस्तकांत, खेळण्यांत, पोस्टाच्या तिकिटांवर हाच डोडो पोहोचला. १८६६ मध्ये शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन याला मॉरिशसच्या दलदलीतून डोडोची हाडं मिळाली, तेव्हा त्याने साव्हेरीच्या आकृतीच्या आत ती हाडं बसवली. चित्र पुरावा झालं आणि हाडं त्यापुढे वाकवली गेली. काही वर्षांनी ओवेनला ही रचना बदलून सांगाडा ताठ करावा लागला. १९९० च्या दशकात संशोधक अ‍ॅन्ड्र्यू किचनर यांनी हाडांच्या मापांवरून दाखवलं, की रानातला डोडो चित्रातल्यापेक्षा बराच सडपातळ असावा. साव्हेरीसमोर बहुधा पिंजऱ्यात खाऊ घालून फुगलेला किंवा पेंढा ठासून भरलेला पक्षी होता.

मॉरिशसमध्ये आज मराठी घराणी पिढ्यानपिढ्या नांदत आहेत, पण डोडोला त्यांतल्या कुणी पाहिलेलं असणं शक्य नव्हतं. त्याचं शेवटचं खात्रीशीर दर्शन १६६२ चं आहे. आपल्या किनाऱ्याला मात्र तो आला होता. १६२८ ते १६३४ या काळात हिंदुस्थानात असलेल्या पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्याने सुरतेत दोन डोडो पाहिल्याची नोंद केली आहे. त्याच सुमाराचं, मन्सूरच्या नावावर घातलं जाणारं एक चित्र सेंट पीटर्सबर्गमध्ये आहे. मधोमध डोडो आणि भोवती पट्टकादंब, लटकणारा पोपट, ट्रॅगोपान असे चार-पाच पक्षी. डोडोच्या रंगाबद्दल आणि उभं राहण्याबद्दल अभ्यासक या चित्रावर साव्हेरीपेक्षा जास्त विश्वास ठेवतात. पक्षी सडसडीत आहे, मान वर आहे आणि दोन्ही पायांवर त्याचा भार नीट पडला आहे.

हूफनागेलच्या चार महाभूतांची पानं आता नॅशनल गॅलरीच्या संकेतस्थळावर मोठी करून पाहता येतात. वायूचा खंड उघडला, की डोळा आधी रंगांकडे जातो. तिथे थोडा वेळ थांबून मग फांदीवरची पकड बघावी. नखं सालीत रुतली आहेत की नुसती फांदीला टेकली आहेत, गुडघा वजनाने दुमडला आहे का, मान शरीराच्या तोलात आहे का. काही पानांवर या प्रश्नांची उत्तरं लगेच मिळतात, आणि कोणता पक्षी हूफनागेलने स्वतः पाहिला असावा याचा अंदाज बांधता येतो. काही पानांवर मात्र व्हेरहागेनचं चित्र शेजारी ठेवूनच पुढे जावं लागतं.